फेरे कमी करण्याची गोष्ट

जन्ममरणाचे फेरे चुकावे म्हणून आमच्या वाडवडिलांनीं काशीयात्रा केल्या, गंगेच्या कावडी आणल्या, आणि त्या पुण्याईचा थोडाबहुत अंश आमच्याहि पदरीं पडला असेल. आमच्या स्वतःच्या वांट्यास मात्र जे फेरे कमी करण्याचें काम आलें ते एका मोटारीच्या इंजिनाचे होते. आणि त्यासाठीं आम्हांस काशीस जावें लागलें नाहीं, घराच्या मोटारखान्यांत थंडगार फरशीवर पाठ टेकून निजावें लागलें, एवढेंच. वाचकांपैकीं ज्यांना यंत्राच्या नांवानेंच जांभई येते त्यांनीं मधला भाग खुशाल ओलांडावा. मात्र आमच्या वहिनी बोलूं लागतील तेथें त्यांनीं परत यावें, अशी विनंति आहे.

इंग्लंडांत लेस्टर शहरीं आमचें बिऱ्हाड आहे. ‘आमचें’ म्हणण्याचा आम्हांस अधिकार किती, हा प्रश्न निराळा. घर मुळांत दादांचें, म्हणजे आमच्या वडील बंधूंचें. ते १९७१ सालीं पुण्याहून येथें आले, आणि १९८४ सालीं त्यांनीं आम्हांलाहि बोलावून घेतलें. पुढें आमचें लग्न झालें आणि थोड्याच दिवसांत शेजारचें घर विकावयास निघालें. तें घेऊन आम्हीं मधल्या भिंतींत एक दार पाडलें. भिंत पाडून एका चुलीवर जेवणारीं दोन कुटुंबें पाहून आमच्या गोऱ्या शेजाऱ्यांना जें आश्चर्य वाटलें तें अजूनहि पुरतें ओसरलेलें नाहीं. २०२१ सालीं दादा गेले. मागें वहिनी राहिल्या, मुलगा व सून राहिलीं, लीड्सला दिलेली मुलगी राहिली, आणि मोटारखान्यांत दादांची मोटार राहिली.

ती मोटार म्हणजे १९७२ सालची एम. जी. बी. जी. टी. ही जात १९६२ पासून १९८० पर्यंत ॲबिंग्डन गांवीं तयार होत असे, आणि पांच लाखांहून अधिक गाड्या तेथून बाहेर पडल्या. तेव्हां तिला दुर्मिळ म्हणतां येणार नाहीं. पक्क्या छपराची जी. टी. १९६५ सालीं निघाली, आणि तें छप्पर आंखण्यांत इटलीच्या पिनिनफारिना या कारागिरांचा हात होता. पुढें दोन माणसें ऐसपैस बसतात. मागच्या बांकाला बांक म्हणणें हें औदार्य आहे. तेथें लहान मुलें किंवा पापडांचे डबे बसूं शकतात. दादांनीं ती जुनी म्हणूनच घेतली आणि सदतीस वर्षें स्वतःच्या हातानें तेलपाणी करून चालविली. कचेरीला जाण्यासाठीं त्यांची दुसरी साधी गाडी असे. हिला घेऊन ते दोनच वाटा चालत. एक डर्बीशरच्या डोंगरांतली. कॅसलटन गांवापाशीं विनॅट्स नांवाची एक अरुंद खिंड आहे, तिचा चढ पांचांत एकाहूनहि कडक, आणि तो चढून वर गेलें कीं दादांची मुद्रा पर्वती चढून आलेल्या मुलासारखी होत असे. दुसरी वाट लीड्सची. मुलीचें लग्न झाल्यापासून दर महिन्याच्या पहिल्या शनिवारीं दादा आणि वहिनी याच गाडींतून तिच्याकडे जात.

दादांचे दिवस झाल्यावर वहिनींनीं आम्हांला एकच गोष्ट सांगितली. “भाऊजी, ह्यांची गाडी उभी राहतां कामा नये. उभी राहिली कीं गंजेल. लीड्सची खेप आतां तुम्ही करा. मी बरोबर येईन.”

आम्ही अर्थात् ‘बरें’ म्हणालों, आणि पुढच्या पहिल्या शनिवारीं निघालों. शहराबाहेर पडून एम-वन या मोठ्या रस्त्यास लागलों तोंच वहिनींनीं कानांतील यंत्र काढून बटव्यांत ठेवलें. कांहीं वर्षांपासून त्यांना ऐकूं कमी येतें. यंत्र लावलें म्हणजे बोलणें नीट समजतें. परंतु त्या यंत्राला बोलणें कोणतें आणि इंजिनाचा घोष कोणता, याचा विवेक फारसा नाहीं. सारेंच मोठें होऊन डोक्यांत शिरतें. म्हणून लेस्टर सोडल्यापासून लीड्स येईपर्यंत सुमारें शंभर मैल, दोन तासांच्या आंतबाहेर, वहिनी डाव्या खिडकींतून मेंढ्या पाहात आणि आम्ही समोर रस्ता पाहात. दादा असतांनाहि असेंच चाले, असें त्यांनीं आम्हांला सांगितलें. पण त्या दोघांच्या मौनांत अर्ध्या शतकाचें बोलणें होऊन चुकलेलें होतें. आमच्या मौनांत सगळें बोलावयाचें राहिलेलें होतें. घरीं वहिनी दादांविषयीं एक अक्षर काढीत नसत. काढणार तरी केव्हां? सकाळीं स्वयंपाकघर, दुपारीं नातवंडें शाळेंतून येत, संध्याकाळीं चार दारें आणि नऊ माणसें. त्या घरांत आम्ही आणि त्या, असे दोघेच कोठें बसलों असूं तर तें या गाडींतच. आणि तेथें ही तऱ्हा.

आतां हा घोष येतो कोठून, तें सांगितलें पाहिजे. गाडीच्या फळीवर दोन मोठीं वर्तुळें आहेत. एकावर वेग दिसतो, दुसऱ्यावर इंजिनाचे दर मिनिटाचे फेरे. येथील मोटरवेवर ताशीं ७० मैलांची मर्यादा आहे. ती १९६५ सालीं तात्पुरती म्हणून आली आणि १९६७ सालीं कायमची झाली. त्या वेगावर दुसरा कांटा ३,९०० वर जाऊन बसतो, आणि लीड्स येईपर्यंत तेथून फारसा हालत नाहीं. कारण अगदीं साधें आहे. चौथ्या गिअरमध्यें गिअरबॉक्स कांहींच कमीजास्त करीत नाहीं. इंजिनाचा एक फेरा तसाच मागच्या आंसाकडे जातो. तेथें ११ दांत्यांचें एक लहान चक्र ४३ दांत्यांच्या मोठ्या चक्राला फिरवितें. म्हणजे मागचीं चाकें एकदां फिरावयास इंजिनानें जवळजवळ चार वेळां फिरलें पाहिजे. चाक एका मैलांत सुमारें साडेआठशें वेळां फिरतें. हिशेब केला तर दर मैलामागें इंजिनाचे सुमारें ३,३५० फेरे, आणि लीड्सच्या शंभर मैलांना सव्वातीन लाखांवर! लक्ष प्रदक्षिणांचा नेम धरणाऱ्या बायका आम्हीं लहानपणीं पाहिल्या आहेत. त्यांना तो पुरा करावयास चातुर्मास लागे. ही बया एका सकाळींत तीन लक्ष घालते. शिवाय प्रत्येक फेऱ्यांत चारहि दट्टे सुमारें ८९ मिलिमीटर खालीं येतात आणि तितकेच वर जातात. म्हणजे मिनिटाला प्रत्येकाची धांव जवळजवळ ७०० मीटर. एवढी धांवपळ पोलादाच्या पेटींत चालली असतां ती गप्प कशी राहणार?

याचा दोष ती आंखणाऱ्यांना देतां येत नाहीं. इंग्लंडांतील मोटरवेचा पहिला लहानसा तुकडा १९५८ सालीं प्रेस्टन शहरापाशीं खुला झाला, आणि एम-वनचा पहिला भाग १९५९ सालीं. ही गाडी कागदावर उतरत होती तेव्हां येथला रस्ता म्हणजे वळणें, कुंपणें, चढ-उतार आणि पुढें गवताची गाडी. तेथें आखूड पावलांची चपळ गाडी पाहिजे. आखूड पावलें टाकणारा मनुष्य चढ सहज चढतो. त्यालाच सपाट रस्त्यावर लांब ढांगा टाकणाऱ्याच्या बरोबरीनें चालावयास लावलें म्हणजे त्याचे पाय भराभर पडूं लागतात आणि त्याला घाम फुटतो. आमच्या गाडीचें हेंच झालें होतें. तिच्या अंगांत बळ कमी नव्हतें, पावलें आखूड होतीं.

सहा-सात महिने हा प्रकार चालला. शेवटीं एका रविवारीं जेवणानंतर आम्हीं तो विषय घरांत काढला. आमच्या घरीं कोणताहि विषय निघाला कीं त्याची सभा होते, आणि सभेंत ज्याला त्या विषयाची माहिती कमी तो प्रथम बोलतो. म्हणून आमचें कुटुंब प्रथम बोललें. “अहो, विजेवर चालणारी नवी गाडी घ्या. तिला आवाज नाहीं, तेल नाहीं, आणि तुमच्या सदऱ्यांना डागहि नाहींत.” यास उत्तर नव्हतें, म्हणून आम्हीं ऐकलें नाहीं असें दाखविलें.

मग पुतण्या बोलला. तो यंत्रशास्त्राचा पदवीधर, आणि हल्लींच्या मुलांप्रमाणें त्याला सगळें अगोदरच ठाऊक असतें. त्याचें म्हणणें, जुना चार गिअरांचा गिअरबॉक्स काढून फोर्डच्या सिएरा गाडीचा पांच गिअरांचा बसवावा. येथें पुष्कळ लोक तसें करतात, पांचवा गिअर लांब ढांगेचा असतो, आणि फेरे हवे तेवढे उतरतात. बोलणें खोटें नव्हतें. पण परक्या घरची ही वस्तु बसवावयाची म्हणजे जोडाला नवी तबकडी, खालीं नवा आधार, मागें नवा दांडा. एक सून आणण्यासाठीं सारें घर पाडून बांधण्यासारखें.

आमची स्वतःची युक्ति याहून गहन होती. १९७३ ते १९७६ पर्यंत याच गाडीची एक थोरली बहीण निघत असे, रोव्हरचें साडेतीन लिटरचें आठ नळकांड्यांचें इंजिन घातलेली. तिच्या मागच्या आंसाचें गुणोत्तर ३·९ नसून ३·०७ आहे. तीं चक्रें मिळवून आमच्या आंसांत घालावीं, कीं ताशीं ७० मैलांवर फेरे ३,१०० च्या आंत येतात. एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर आम्हीं हें गणित सोडविलें आणि सभेपुढें ठेवलें. पुतण्यानें तें उचलून पाहिलें. “काका,” तो अतिशय सौजन्यानें म्हणाला, “मागचीं चक्रें बदललीं म्हणजे चौथाच गिअर लांब होतो असें नाहीं, चारहि होतात. पहिलासुद्धां एक पंचमांशाहून अधिक लांब होईल. त्या इंजिनाच्या अंगांत पुष्कळ अधिक बळ आहे, त्याला तें शोभतें. आपण विनॅट्सच्या चढावर अर्ध्यांत उभे राहूं. आणि वेगाचा कांटा गिअरबॉक्सकडून चालतो, चाकांकडून नाहीं. तो पूर्वींच्याच गुणोत्तरानें बोलत राहील. आपण ७० नें जाऊं तेव्हां तो ५५ सांगेल, आणि दंडाचा कागद घरीं येईल.” आम्हीं ती लग्नपत्रिका खिशांत ठेवली.

खरें सांगावयाचें तर आमच्या मनांत आणखी एक अडचण होती, ती आम्ही बोललों नाहीं. दादांनीं सदतीस वर्षांत या गाडीचा एक खिळाहि बदलला नव्हता. झिजला तर तसाच दुसरा आणून लावीत, पण निराळा कधीं लावला नाहीं. त्यांच्या माघारीं आपण तिच्या पोटांत हात घालावा हें आम्हांला धाकट्या भावाच्या मर्यादेबाहेरचें वाटत होतें. ‘जशीच्या तशी’ ठेवणें हीच त्यांची इच्छा असली पाहिजे, अशी आमची समजूत.

वहिनी एवढा वेळ पानाला चुना लावीत बसल्या होत्या. यंत्र कानांत होतें. त्या पान बाजूला ठेवून म्हणाल्या, “ओव्हरड्राइव्ह कां नाहीं बसवीत?”

सभा स्तब्ध झाली. वहिनींच्या तोंडीं हा शब्द येईल असें कोणाच्या स्वप्नांतहि नव्हतें.

“ह्यांनीं गाडी घेतली तेव्हां दुकानांत दोन होत्या,” वहिनी सांगूं लागल्या. “एक ओव्हरड्राइव्हची, लाल. आणि एक ही. ह्यांना ती लाल पाहिजे होती. दोनदां जाऊन फिरवून आले. घरीं येऊन मला किती वेळ समजावून सांगत होते, कळ दाबली कीं इंजिन कसें शांत होतें तें. पण ती महाग होती. मग एका संध्याकाळीं हीच घेऊन आले. मीं विचारलें, तर म्हणाले, त्या दोघींत जो फरक होता तेवढ्यांत धाकट्याचें विमानाचें तिकीट येतें.” येथें त्यांनीं आमच्याकडे पाहिलें नाहीं, पानाच्या शिरा काढूं लागल्या. “पुढें बसवूं म्हणाले होते. मग हें दुसरें घर आलें. मग मुलांचीं शिक्षणें. मग राहूनच गेलें.”

आमचें वय तेव्हां त्रेसष्ट होतें, आणि ती खोली भरलेली होती. म्हणून आम्ही उठून पाणी पिऊन आलों. त्या रात्रीं आम्हीं गाडीच्या खणांतून दादांची लहान वही काढली. तींत तेल कधीं बदललें, पेट्रोल किती घातलें, याच्या नोंदी असत. आम्हीं ती यापूर्वीं पाहिली होती, पण शेवटचें पान उलटलें नव्हतें. त्यावर त्यांच्या टपोऱ्या अक्षरांत तीन आंकडे होते: ३,९००, ०·८२ आणि ३,२००. खालीं कांहीं लिहिलेलें नव्हतें.

हा ओव्हरड्राइव्ह म्हणजे काय तें थोडक्यांत सांगतों. त्याची कल्पना कॅप्टन एडगर द नॉर्मनव्हिल या गृहस्थांची, आणि तो तयार होत असे शेफील्ड शहरीं लेकॉकच्या कारखान्यांत. या गाडीवर तो पुष्कळ वर्षें निराळे पैसे देऊन मिळे. येथें तो सर्व गाड्यांना बसवून देऊं लागले ते १९७५ पासून. गिअरबॉक्सच्या शेपटाला जोडलेली ती एक लहान पेटी असते. तींत मध्यभागीं एक चक्र, त्याला सूर्य म्हणतात. त्याभोंवतीं लहान चक्रें, ते ग्रह. आणि सर्वांना बाहेरून वेढणारें आंतून दांते असलेलें कडें. एरवीं सूर्यासकट सारें ब्रह्मांड एकच गोळा होऊन फिरतें, आणि इंजिनाचा एक फेरा तो मागेंहि एकच. कळ दाबली म्हणजे विजेनें एक झडप उघडते, तेलाचा दाब चढतो, आणि सूर्य जागच्या जागीं धरला जातो. गिअरबॉक्सचा दांडा ग्रहांना फिरवीतच असतो. ते आतां थांबलेल्या सूर्याभोंवतीं धांवूं लागतात, आणि बाहेरच्या कड्याला आपल्याहून अधिक वेगानें पुढें ढकलतात. दांडा ८२ फेरे फिरतो तेव्हां कडें १०० फिरतें. क्लचला पाय लावावा लागत नाहीं. आणि मुख्य म्हणजे, पुन्हां कळ फिरविली कीं पहिलीं आखूड पावलें जशीच्या तशीं हजर. विनॅट्सचा चढ सुखानें चढावा. मागच्या आंसाला हात लावलेला नसतो. दोन स्वभाव एका गाडींत नांदतात.

हें सारें वाचीत असतां आम्हांला घरचीच एक जुनी कथा आठवली. आमच्या वडिलांपाशीं पुण्यास एक विलायती सायकल होती. तिच्या मागच्या चाकाच्या तुंब्यांत नॉटिंगहॅमच्या स्टर्मी-आर्चर कंपनीचे तीन गिअर. वडिलांचा तिच्यावर फार जीव. दादा तेरा वर्षांचे असतांना त्यांनीं एका दुपारीं, वडील वामकुक्षी करीत असतां, तो तुंबा उघडून ओटीवर मांडला. आम्ही तेव्हां दोन वर्षांचे. त्यांतील केसासारखी बारीक एक स्प्रिंग नाहींशी झाली, ती आम्हीं गिळली असा दादांचा वहीम होता आणि तो त्यांनीं अखेरपर्यंत सोडला नाहीं. वडील आठ दिवस पायीं कचेरीला गेले. पण तो तुंबा पुन्हां जोडला तो दादांनींच. आणि त्याची रचना? मध्यें आंसाला घट्ट बसविलेला सूर्य, भोंवतीं ग्रह, बाहेर कडें. सर्वांत वरच्या गिअरमध्यें पायडलाची सांखळी ग्रहांना फिरविते, कडें चाकाला फिरवितें, आणि मागच्या दांतेरी चकतीच्या तीन फेऱ्यांत चाकाचे चार होतात. हेंच तें यंत्र. दादांना तें तेराव्या वर्षापासून ठाऊक होतें.

२०२३ च्या पाडव्यानंतर आम्हीं कामास हात घातला. ओव्हरड्राइव्हची पेटी नुसती मागें चिकटवितां येत नाहीं, कारण तिच्यासाठीं गिअरबॉक्सचा आंतला मुख्य दांडाच निराळा असतो. म्हणून मोडींत निघालेल्या दुसऱ्या गाडीचा अख्खा जोड विकत आणला. तो बसवावयाचा म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही एकत्र वरून उचलून बाहेर काढावीं लागतात. सांखळीच्या कप्पीवर तें धूड लोंबकळूं लागलें तेव्हां वहिनी दारांत उभ्या होत्या, आणि आमच्या हातून तें निसटतें तर आम्हांला पुन्हां त्या घरांत तोंड दाखवितां आलें नसतें. निसटलें नाहीं. फक्त तेल निथळावयास आम्हीं जें भांडें खालीं ठेवलें, तें पुरणपोळीची कणीक मळण्याची परात निघाली. त्याविषयीं जें बोलणें झालें तें येथें देत नाहीं.

जुळणी पुरी झाली, गाडी रस्त्यावर आली, आम्हीं कळ दाबली, आणि कांहींहि झालें नाहीं. कांटा ढिम्म. आम्हीं प्रथम त्या जुन्या गिअरबॉक्सवर संशय घेतला, मग विकणाऱ्यावर, मग तेलावर, आणि शेवटीं ग्रहांवर. दोन दिवस आम्ही गाडीखालीं होतों. तिसऱ्या दिवशीं पुतण्या खालीं शिरला आणि पांच मिनिटांत बाहेर आला. ओव्हरड्राइव्ह तिसऱ्या व चौथ्या गिअरमध्येंच लागावा म्हणून गिअरबॉक्सवर एक लहान खटका असतो. त्याची तार जोडलेलीच नव्हती. ती जोडण्याचें काम आमच्याकडे होतें. “होतें असें, काका,” तो म्हणाला, आणि तें त्यानें पुन्हां कधीं काढलें नाहीं. या बाबतींत तो आपल्या वडिलांवर गेला आहे.

मे महिन्याच्या पहिल्या शनिवारीं आम्ही आणि वहिनी निघालों. मागच्या बांकावर लाडवांचा डबा आणि नातीसाठीं शिवलेलीं दोन झबलीं. एम-वनला लागलों. वहिनींनीं संवयीनें कानाकडे हात नेला. गाडी ७० वर पोंचली, कांटा ३,९०० वर चढला, तोच जुना घोष सुरू झाला. “वहिनी, जरा थांबा,” असें आम्हीं हातानेंच खुणावलें आणि गिअरच्या दांड्याच्या मुठींतील कळ अंगठ्यानें सरकविली. क्षणभर कांहीं नाहीं. मग कोणी पाठीवर हलकेंच हात ठेवावा तसा गाडीला एक धक्का बसला, आणि कांटा खालीं उतरूं लागला. ३,२०० वर थांबला. वेग तोच. आवाज गेला असें म्हणणें खोटें होईल. पन्नास वर्षांच्या गाडींत वारा, टायर, दारांच्या फटी, हीं सारीं बोलत असतात. पण ज्या एका स्वरानें कपाळांत खिळा ठोकल्यासारखें होई तो खालच्या पट्टींत उतरला होता. या इंजिनाचें ओढण्याचें बळ ३,००० फेऱ्यांच्या आसपासच सर्वांत अधिक असतें. तेव्हां त्यालाहि तें मानवलें असावें. शंभर मैलांना साठ हजार फेरे वांचले. पुढें हिशेब केला तों गॅलनमागें तीन-चार मैलहि अधिक पडूं लागले, पण त्या दिवशीं आमचें तिकडे लक्ष नव्हतें.

वहिनींचा हात कानापाशींच थबकला होता. तो त्यांनीं हळूच मांडीवर घेतला.

नॉटिंगहॅमकडे जाणारा फाटा मागें पडला. वहिनी गप्प होत्या. आम्हींहि विचारलें नाहीं. शेफील्ड आलें, आणि तेथील उंच पुलावरून जातांना वहिनी एकाएकीं म्हणाल्या, “येथें ते दोन मनोरे होते.”

होते खरे. वीजकारखान्याचे दोन प्रचंड मनोरे तेथें रस्त्याला अगदीं लागून उभे असत. २००८ सालीं ते पाडले. “आम्ही त्यांना रांजण म्हणत असूं,” वहिनी म्हणाल्या. “हे म्हणायचे, रांजण आले, आतां अर्ध्या तासानें चहा. ते पाडले त्याच्या पुढल्या महिन्यांत आलों, तर ह्यांना वाट चुकल्यासारखें झालें. गाडी हळू केली. मला म्हणाले, अग, आपले रांजण कोणी नेले?” वहिनी हंसल्या. दीड वर्षांत त्यांना हंसतांना आम्हीं प्रथमच पाहिलें.

मग त्या बोलूं लागल्या. १९७१ च्या हिवाळ्यांत एका खोलींत शेगडीला नाणीं टाकावीं लागत, तें सांगितलें. दादांनीं पहिल्यांदा पोळ्या केल्या त्या कोणत्या आकाराच्या झाल्या, तें सांगितलें. इस्पितळांतील शेवटच्या आठवड्यांतलें एक बोलणें सांगितलें, तें आम्ही आमच्यापाशींच ठेवतों. आमच्याविषयींहि सांगितलें, विमानतळावर आम्हांला घ्यावयास दादा याच गाडींतून आले होते, आणि परत येतांना सबंध वाटभर आम्ही कांहीं बोललों नाहीं म्हणून त्यांना वाटलें कीं धाकट्याला इंग्लंड आवडलें नाहीं. “मीं त्यांना म्हटलें, अहो, त्या इंजिनापुढें तो बोलणार काय?”

“मीं बोलत होतों, वहिनी,” आम्ही म्हणालों. येथें ‘आम्ही’ म्हणण्याचें आम्हांला सुचलें नाहीं. “दादांना ऐकूं गेलें नाहीं.”

“काय बोलत होतां?”

आम्हीं सांगितलें. सांगतां सांगतां लीड्सला वळणारा रस्ता कधीं मागें पडला तें दोघांच्याहि लक्षांत आलें नाहीं, आणि वेदर्बीची पाटी दिसली तेव्हां वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, असूं द्या. पुढच्या फाट्यावरून वळवा, घाई नाहीं. तिला मी कळवितें, जेवणाला थोडा उशीर होईल म्हणून.”